घास सोडताना येणारी कळ: तडा गेलेल्या दाढेचं एक प्रकरण

कोथरूडला राहणाऱ्या, बँकेत नोकरी करणाऱ्या 47 वर्षांच्या बाई. उजवीकडे खाली, मागच्या बाजूला कुठेतरी, सात महिन्यांपासून खाताना मधूनच जीव जाईल अशी कळ येते, ही तक्रार. पोळीभाजी खाल्ली तर काही होत नाही. फुटाणा, भाकरीचा कडक काठ किंवा चिवड्यातला खोबऱ्याचा काप दाढेखाली आला की कळ येते, तीही दर वेळी नाही. गार पाण्याने शिरशिरी येते, म्हणून उन्हाळ्यात मस्तानीसुद्धा बंद. रात्री ठणका नाही, सूज नाही, ताप नाही. (पुण्यातल्या दवाखान्यांत वरचेवर येणाऱ्या तक्रारींवरून बांधलेलं हे प्रातिनिधिक प्रकरण आहे, कुणा एका व्यक्तीची नोंद नाही.)

या सात महिन्यांत दोन महिने पोटॅशियम नायट्रेट असलेली (शिरशिरी कमी करण्यासाठीची) टूथपेस्ट वापरून झाली. केमिस्टकडून दोनदा पाच-पाच दिवसांचं अँटिबायोटिक घेऊन झालं. एका ठिकाणी एक्स-रे काढला, त्यात काही दिसलं नाही. दुसऱ्या ठिकाणी खालच्या उजव्या दुसऱ्या दाढेतलं खोल भरणं पाहून तिचं रूट कॅनल करायला सांगितलं. तो सल्ला बँकेतल्या ऑडिटच्या गडबडीत मागे पडला आणि एक चांगली दाढ वाचली.

अँटिबायोटिकने इथे काही होणारच नव्हतं. तडा ही मोडतोड आहे, जंतुसंसर्ग नाही. सूज, पू किंवा ताप नसताना दातदुखीवर अँटिबायोटिक घेऊन फक्त पोट बिघडतं आणि औषधांना दाद न देणारे जंतू वाढतात. पुण्यात हे इतकं सर्रास चालतं की प्रत्येक रुग्णाला ते वेगळं बसून सांगावं लागतं.

निदान कशावरून झालं

निदानाची दिशा एका प्रश्नाने ठरली: "ताई, कळ दाबताना येते की दाब सोडताना?"

त्यांनी रिकाम्या तोंडाने दोनदा चावून पाहिलं. "चावताना नाही हो डॉक्टर. चावून झालं आणि तोंड उघडायला लागले, की सणकन जाते."

तडा गेलेल्या दाढेची ही जवळजवळ सही आहे. इनॅमलच्या खाली डेंटिन असतं, त्यात हजारो सूक्ष्म नळ्या असतात आणि त्या द्रवाने भरलेल्या असतात. कडक वस्तू एका उंचवट्यावर दाबली गेली की तड्याच्या दोन बाजू किंचित फाकतात. दाब सुटला की त्या झटक्यात परत मिटतात आणि नळ्यांमधला द्रव एकदम हलतो. हा धक्का नसेच्या कडेला असलेल्या जलद मज्जातंतूंना लागतो. म्हणून कळ तीक्ष्ण असते, क्षणभर असते आणि सोडताना येते. मऊ अन्नाचा दाब सगळ्या दाढेवर पसरतो, त्यामुळे पोळीने काही होत नाही. नेमका उंचवटा नेमक्या कोनातून दाबला गेला तरच तडा फाकतो, म्हणून कळ दर वेळी येत नाही. अशा रुग्णाला घरचे "उगाच बाऊ करतेस" म्हणतात, ते याच अनियमितपणामुळे.

कुठली दाढ दुखते हेही रुग्णाला सांगता येत नाही. दाताच्या आतल्या नसेला वेदना कळते, जागा कळत नाही. जागा कळते ती मुळाभोवतीच्या अस्तराला, आणि तडा तिथपर्यंत पोचला नसेल तर रुग्ण शेजारच्या दाढेवर, कधी समोरच्या जबड्यातल्या दाढेवरसुद्धा बोट ठेवतो. चुकीच्या दाढेचं रूट कॅनल होतं ते अशा वेळी.

तपासणी, ज्या क्रमाने केली त्या क्रमाने

आधी नुसतं पाहिलं. खालच्या उजव्या पहिल्या दाढेत (दंतवैद्यकाच्या क्रमांकात 46) साधारण वीस वर्षांपूर्वी भरलेली चांदी होती. भरण्याची रुंदी दोन बाजूंच्या उंचवट्यांमधल्या अंतराच्या एक तृतीयांशाहून जास्त. कीड नाही. उजवीकडच्या वरच्या-खालच्या दाढांवर घासून सपाट झालेले चकचकीत ठिपके. गालाच्या आतल्या बाजूला दातांच्या रेषेत पांढरी कड, जिभेच्या कडेला दातांचे ठसे. या खुणा दात आवळण्याच्या सवयीकडे बोट दाखवतात. विचारल्यावर कळलं, की दिवसातून तीन-चार वेळा सुपारीचं खांड उजव्या दाढेत धरून फोडायची सवय वीस वर्षांची आहे.

मग चावण्याची चाचणी. यासाठी प्लॅस्टिकचं छोटं साधन मिळतं. त्याच्या एका टोकाला खोलगट पिरॅमिड असतो. तो खळगा एकाच उंचवट्यावर बसवायचा आणि रुग्णाला समोरच्या दाताने सपाट बाजू दाबायला सांगायची. दाब तीन-चार सेकंद धरायचा, मग झटकन सोडायचा. साधन नसेल तर ओल्या कापसाची घट्ट गुंडाळी चालते, पण तिने एकाच वेळी दोन-तीन उंचवटे दाबले जातात आणि उत्तर धूसर येतं. आधी डाव्या बाजूच्या निरोगी दाढेवर करून दाखवायचं, म्हणजे रुग्णाला "नेहमीचं" कसं लागतं ते कळतं. 46 ला पाच उंचवटे. चारांवर काही नाही. जिभेकडच्या मागच्या उंचवट्यावर दाब सोडताच बाई खुर्चीत दचकल्या. मागच्या दाढेवर एकदाही प्रतिसाद नाही.

थंडाव्याची चाचणी: कापसाच्या बोळ्यावर थंड स्प्रे मारून तो दाढेच्या गालाकडच्या बाजूवर टेकवला. शेजारच्या दाढांना थोडा गारवा जाणवला. 46 ला जोरात शिरशिरी आली, पण बोळा काढल्यावर तीन सेकंदांत थांबली. पुढचे सगळे उपचार या तीन सेकंदांवर ठरले. शिरशिरी अर्धा-एक मिनिट रेंगाळली असती किंवा रात्री आपोआप ठणका लागत असता, तर नस परतीच्या पलीकडे गेली असं धरून रूट कॅनल करावं लागलं असतं. इथे नस चिडली होती, पण जगण्यासारखी होती.

हिरडीची खोली, म्हणजे हिरडी आणि दात यांच्यामधली फट किती खोल आहे ते, मोजणं ही सर्वांत महत्त्वाची आणि सर्वांत जास्त घाईत उरकली जाणारी पायरी आहे. प्रोब (मिलिमीटरच्या खुणा असलेली बारीक सळई) दाढेभोवती सहा ठिकाणी टोचून मोकळं व्हायचं नाही. हिरडीच्या आत ठेवूनच त्याला एक-एक मिलिमीटर सरकवत पूर्ण फेरी मारायची. तडा मुळावर उतरलेला असेल तर त्याच एका रेषेत अरुंद, खोल खळगा लागतो, पाच, सहा, आठ मिलिमीटरचा. दोन मिलिमीटर अलीकडे-पलीकडे सगळं नॉर्मल असतं, त्यामुळे सहा ठिकाणच्या मोजणीत तो सहज निसटतो. या दाढेभोवती सगळीकडे दोन ते तीन मिलिमीटर आणि मागच्या बाजूला एका जागी चार. चार म्हणजे लक्ष ठेवण्याजोगं, पण दाढ सोडून द्यावी असं नाही.

एक्स-रे पुन्हा काढला आणि तो पुन्हा नॉर्मल आला. यात एक्स-रेचा दोष नाही. दाढेतला तडा बहुतेक वेळा पुढून मागे जातो आणि किरण गालाकडून जिभेकडे जातात. तड्याचा पडदा फिल्मला समांतर पडतो, मग त्याची रेघ उमटणार कुठून? एक्स-रे काढायचा तो मुळाभोवतीचं हाड शाबूत आहे का, हे बघायला. सीबीसीटी स्कॅन (दात-जबड्याचं त्रिमितीय चित्र देणारा एक्स-रे) मुद्दाम सांगितला नाही. या स्कॅनमधल्या एका ठिपक्याचा आकार बारीकात बारीक धरला तरी 75-80 मायक्रॉनच्या आसपास असतो, सुरुवातीचा तडा त्याहून बारीक असतो, आणि शेजारच्या चांदीमुळे चित्रात पट्टे येतात. खोल खळगा लागला असता किंवा हाड झिजल्याची शंका असती, तर स्कॅनचा खर्च करणं योग्य होतं.

शेवटी खोलीतला दिवा मालवून बारीक प्रकाशाची कांडी दाढेला आडवी टेकवली. इनॅमलवरच्या साध्या रेषा वयाबरोबर सगळ्यांच्याच दातांवर येतात आणि त्यांतून प्रकाश पार जातो. खरा तडा डेंटिनमध्ये गेलेला असेल तर प्रकाश तिथे अडतो. या दाढेचा पुढचा भाग उजळला आणि मागच्या कडेपाशी सरळ रेषेत अंधार सुरू झाला. हे बघताना भिंगाचा मोह आवरावा. भिंगाखाली निरुपद्रवी रेषासुद्धा भयंकर दिसतात, त्यामुळे आधी साध्या डोळ्यांनी पाहायचं.

पहिली बैठक

खात्री चांदी काढल्यावरच होणार होती. अॅड्रेनलिन 1:80,000 असलेल्या 2 टक्के लिग्नोकेनने खालचा जबडा बधिर केला, रबर डॅम (दाढ तोंडापासून वेगळी ठेवणारा रबराचा पातळ पडदा) लावला आणि भरपूर पाणी व सक्शन ठेवून चांदी तुकड्यातुकड्यांनी काढली. मग 1 टक्का मेथिलीन ब्लू हा निळा रंग दोन मिनिटं ठेवून धुतलं. मागच्या कडेवरून एक निळी रेघ खड्ड्याच्या तळाकडे उतरून दाढेच्या मध्याच्या अलीकडे थांबलेली दिसली. पुढची कड स्वच्छ होती. दाढेच्या दोन्ही बाजूंना हलक्या हाताने साधन टेकवून पाहिलं, तुकडे वेगळे हलत नव्हते. म्हणजे दाढेला तडा गेला होता, ती दुभंगलेली नव्हती. या फरकावर दाढ राहणार की काढावी लागणार हे ठरतं.

रेघ दिसली की ती पूर्ण नाहीशी होईपर्यंत ड्रिल करत जायची इच्छा होते. ते टाळलं. तड्याचा शेवट साध्या डोळ्यांना दिसतो तिथे नसतोच. त्याच्या मागे जाण्यात चांगलं डेंटिन संपतं आणि नस उघडी पडते. चांदीखाली मऊ झालेला भाग तेवढा काढला, खड्डा ग्लास आयनोमरने (दाताला चिकटणाऱ्या सिमेंटने) भरला आणि दाढेभोवती दात सरळ करण्याच्या उपचारात वापरतात तसा स्टीलचा बँड सिमेंटने बसवला. हा बँड पिंपावरच्या लोखंडी पट्टीचं काम करतो: उंचवटे बाहेर झुकू देत नाही, म्हणून तडा फाकत नाही. जिभेकडच्या मागच्या उंचवट्यावरचा चाव्याचा दाब थोडा घासून हलका केला.

थेट कॅप न लावता आधी बँड का, हे रुग्णाला नीट सांगितलं. बँड हा उपचारही आहे आणि चाचणीही. दोन-तीन आठवड्यांत कळ गेली तर निदान बरोबर आणि नस सावरते आहे. ठणका सुरू झाला तर रूट कॅनल, आणि तेही महागडी कॅप बसवण्याआधी कळतं. तोवर डाव्या बाजूने चावायचं, सुपारी, फुटाणे, बर्फ पूर्ण बंद. दुखलं तर पॅरासिटामॉल. लवंगेचं तेल हिरडीवर ओतायचं नाही, त्याने हिरडी भाजते आणि तड्याला काही होत नाही.

दुसऱ्या दिवशी खातानाची कळ थांबली. गार पाण्याची शिरशिरी जायला दहा दिवस लागले. तीन आठवड्यांनी थंडाव्याची चाचणी शेजारच्या दाढेइतकीच नॉर्मल आली.

कॅप

इथे रुग्णाचा नेहमीचा प्रश्न आला: दुखत नाही, मग कॅप कशाला? कारण तडा भरून येत नाही. मोडलेलं हाड जुळतं, कारण हाडात जिवंत पेशी असतात. इनॅमलमध्ये पेशी नाहीत आणि डेंटिन तडा सांधत नाही. नुसतं दातरंगाचं सिमेंट खड्ड्यात भरलं तर उंचवटे मोकळेच राहतात आणि रोजच्या चावण्याने तडा मिलिमीटर-मिलिमीटरने मुळाकडे सरकतो. सगळे उंचवटे झाकणारं काहीतरी हवंच. पूर्ण कॅपऐवजी ऑनलेही (फक्त वरचा भाग आणि उंचवटे झाकणारं आच्छादन) चालतो आणि त्यात दात कमी घासावा लागतो. पण इथे तडा मागच्या कडेवरून खाली उतरला होता, त्याला चहूबाजूंनी वेढणं जास्त सुरक्षित वाटलं.

अखंड झिर्कोनियाची (अतिशय कडक, पांढऱ्या सिरॅमिकची) कॅप ठरली. चावण्याच्या पृष्ठभागावरून सुमारे दीड मिलिमीटर घासलं. मागच्या बाजूला कॅपची कड तड्याच्या दिसणाऱ्या टोकाच्या एक मिलिमीटर खाली नेली, बाकी ठिकाणी हिरडीच्या वरच ठेवली म्हणजे साफ करायला सोपं. घासताना पाण्याचा फवारा सतत चालू आणि हात हलका ठेवावा लागतो, कारण आधीच चिडलेल्या नसेला ड्रिलची उष्णता पुरे होते. कॅपनंतर नस गेल्याच्या काही तक्रारींचं मूळ तड्यापेक्षा या कोरड्या घासण्यातच असतं. आठवडाभर तात्पुरती कॅप, मग लॅबमधून आलेली कॅप रेझिन मिसळलेल्या ग्लास आयनोमरने बसवली. चावा रंगीत कागदाने तपासताना सरळ चावण्याचे ठिपके ठेवले आणि जबडा बाजूला सरकवताना उमटणाऱ्या रेघा घासून काढल्या. दाढेला मारक असतो तो हा आडवा दाब.

संमतिपत्र समजावताना एक आकडा स्पष्ट सांगितला: नस जिवंत ठेवून कॅप लावलेल्या अशा साधारण पाचांपैकी एका दाढेला पहिल्या सहा महिन्यांत रूट कॅनल लागू शकतं, आणि ते कॅपला वरून भोक पाडून करता येतं. हे आधी सांगितलं नाही, तर तो रुग्ण पुढे कुठल्याच दंतवैद्यावर विश्वास ठेवत नाही.

निष्कर्ष वेगळे निघाले असते तर

उंचवट्याचा तुकडाच तिरका उडाला असता, तर ते सगळ्यांत सोपं. तुकडा काढायचा, ऑनले किंवा कॅप लावायची, नस बहुतेकदा वाचते. नस गेली असती तर रूट कॅनल करताना नसेच्या पोकळीचा तळ सूक्ष्मदर्शकाखाली बघावा लागला असता. तडा तळावरून आरपार गेलेला दिसला तर पुढचा खर्च थांबवून दाढ काढण्याचा सल्ला देणं प्रामाणिकपणाचं. दोन तुकडे वेगळे हलत असतील तर दाढ राहत नाही, मग इम्प्लांट किंवा ब्रिज. उभा तडा मुळातून सुरू झाला असेल तर तो बहुतेक वेळा रूट कॅनल झालेल्याच दातात असतो, आणि हिरडीवर बारीक पुळी येऊन पुन्हापुन्हा फुटते. एकाच मुळाच्या दातात तेव्हा दात काढण्यावाचून सहसा इलाज नसतो.

आणि एक प्रकार टाळण्याजोगा असूनही सतत दिसतो: मागच्या दाढेचं रूट कॅनल झालं, दुखणं थांबलं, "कॅप पुढच्या महिन्यात बघू" म्हणून राहून गेली. त्या दाढेचा गाभा कोरलेला असतो, भिंती पातळ झालेल्या असतात. वर्ष-दोन वर्षांत ती डाळीतल्या एका खड्याने उभी फुटते आणि केलेला सगळा खर्च वाया जातो. खर्चाची अडचण असेल तर पुण्या-पिंपरीतल्या दंत महाविद्यालयांत कॅप खाजगी दवाखान्यापेक्षा बऱ्याच कमी खर्चात होते. वेळ जास्त लागतो, पण दाढ राहते.

पुढे

कॅपनंतर महिन्याने वरच्या दातांवर बसणारा कडक अॅक्रिलिकचा रात्रीचा गार्ड करून दिला, मागच्या दाढांपाशी सुमारे दोन मिलिमीटर जाड. बाजारात मिळणारा मऊ, गरम पाण्यात वाकवायचा गार्ड दिला नाही. मऊ गार्ड लागला की काही जण तो चघळत जास्तच आवळतात. गार्ड थंड पाण्याने धुवायचा, उन्हात किंवा गरम पाण्यात ठेवायचा नाही, वाकडा होतो. दिवसाच्या आवळण्यावर गार्ड कामाचा नाही. त्यासाठी ओठ मिटलेले, दात सुटे हा सराव लागतो. जबडा आरामात असताना वरच्या-खालच्या दातांत दोन ते चार मिलिमीटर अंतर असतं. बाईंनी ऑफिसच्या स्क्रीनच्या कोपऱ्यात हिरवा ठिपका चिकटवला आणि तो दिसला की जबडा सैल सोडायचा, असं ठरवलं.

सुपारी सोडणं सगळ्यांत कठीण गेलं. दातासाठी नाही तरी तोंडासाठी ती सोडायलाच हवी. सुपारी कर्करोगकारक आहे आणि तिने तोंड उघडणं हळूहळू कमी होत जातं. जेवणानंतर बडीशेप चालते. चिक्की हवी तर बारीक फोडून, ऊस रसाच्या रूपात, मटणाची नळी दाढेने न फोडता. पोहे आणि डाळ निवडून घ्यावी, खडा अजूनही निघतो. वीस वर्षांची मोठी चांदी असलेली दाढ दुखत नसली तरी वर्षातून एकदा अशीच तपासून घ्यावी. चांदी दाताला चिकटत नाही, नुसती अडकून बसते. गरम चहा आणि गार पाण्याने ती दाताच्या इनॅमलच्या दुपटीहून जास्त फुगते-आकसते, आणि उरलेल्या पातळ भिंतींवर ताण वर्षानुवर्षं साचत जातो.

एक, तीन, सहा आणि बारा महिन्यांनी तपासणी झाली. कॅपवरून थंडाव्याची चाचणी पुसट लागते, म्हणून जिभेकडे हिरडीलगत उघड्या राहिलेल्या दाताच्या पट्टीवर बोळा टेकवून पाहिलं. प्रत्येक वेळी हिरडीची पूर्ण फेरी मोजली: मागच्या बाजूचे चार मिलिमीटर सहाव्या महिन्यात तीन झाले आणि बाराव्या महिन्यातही तीनच राहिले. एक्स-रेत मुळाभोवतीचं हाड शाबूत आहे, रूट कॅनल अजून लागलेलं नाही. यापुढे दर सहा महिन्यांनी प्रोबची फेरी आणि वर्षातून एक एक्स-रे. मधल्या काळात रात्री ठणका लागला, गरम पेयाने दुखायला लागलं किंवा त्या जागी हिरडीवर पुळी आली, तर तपासणीच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी यायचं.